बागेचं गिऱ्हाईक कुणाचं?

दिल्लीच्या २०२१ च्या बृहत् आराखड्यात, म्हणजे लोक ज्याला मास्टर प्लॅन म्हणतात त्यात, दोन तक्ते आहेत. एक बागांचा आणि दुसरा बाजारांचा. बागांच्या तक्त्यात दहा हजार वस्तीला एक हेक्टरची मोहल्ल्याची बाग, एक लाखाला पाच हेक्टरचं कम्युनिटी पार्क आणि पाच लाखांना पंचवीस हेक्टरचं डिस्ट्रिक्ट पार्क सांगितलं आहे. बाजारांच्या तक्त्यातही वस्तीचे हेच टप्पे येतात: दहा हजारांना लोकल शॉपिंग सेंटर, एक लाखाला कम्युनिटी सेंटर, पाच लाखांना डिस्ट्रिक्ट सेंटर. बाग आणि दुकान या एकाच वस्तीच्या गरजा आहेत, हे आखणी करणाऱ्यांनी धरलेलंच होतं. कागदावर दोघं शेजारी आहेत. जमिनीवर मात्र अनेक कॉलन्यांत त्यांच्यामध्ये लोखंडी गजांचं कुंपण उभं आहे, आणि बागेचं एकमेव उघडं फाटक बाजाराकडे पाठ करून आहे.

बाग झाली की आसपासच्या छोट्या दुकानदाराचं भलं होतं का, या प्रश्नाचं उत्तर मला त्या फाटकापाशी सापडतं. बाग माणसं आणते, याबद्दल फारसा वाद नाही. त्या माणसांच्या खिशातले पैसे कुणाच्या गल्ल्यात जातात, हे मात्र फाटकं किती आहेत, निविदा केवढी आहे आणि पथारीवाल्याला उभं राहू देतात की नाही, यावर ठरतं. दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद या सगळ्या पट्ट्यात या तिन्ही गोष्टींची इतकी वेगवेगळी रूपं आहेत की या प्रश्नाचा अभ्यास करायला देशात याहून चांगली जागा मिळणार नाही.

आधी जगभरातला अनुभव थोडक्यात पाहू. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा एक शिल्पकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यानं एकोणिसाव्या शतकातच पार्कलगतच्या वॉर्डांमधल्या मालमत्तांच्या करमूल्याची नोंद ठेवली. बागेवरचा खर्च वाढीव करातून भरून निघतो, हे त्याला नगरपालिकेला दाखवून द्यायचं होतं. पुढे टेक्सासमधले अभ्यासक जॉन क्रॉम्प्टन यांनी २००१ मध्ये असे तीस अभ्यास एकत्र तपासले. त्यांपैकी पंचविसांत बागेलगतच्या घरांची किंमत वाढलेली दिसली. शांत, झाडीच्या बागेला लागून असलेल्या घरासाठी वीस टक्के वाढ हा अंदाजाचा सुरुवातीचा आकडा धरायला हरकत नाही, असं त्यांनी सुचवलं. हे निष्कर्ष आपल्याकडे वारंवार उचलले जातात. पण ते घरमालकाबद्दल आहेत. घराची किंमत वाढते तेव्हा मालकाचा फायदा होतो, आणि त्याच इमारतीत तळमजल्यावर भाड्यानं गाळा घेतलेल्या शिंप्याचं भाडं वाढतं. एकाच बागेचे हे दोन परिणाम एकमेकांच्या उलट दिशेचे आहेत. बहुतेक अहवाल पहिल्यावर थांबतात.

दुसरी एक परंपरा आहे आणि मला ती अधिक कामाची वाटते. जेन जेकब्स यांनी १९६१ च्या त्यांच्या प्रसिद्ध पुस्तकात म्हटलं की बाग आपोआप शेजार सुधारत नाही. शेजारी दुकानं, कचेऱ्या, घरं यांची सरमिसळ असेल तर दिवसभर वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी माणसं बागेत येतात आणि बाग जिवंत राहते. विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या चौकांत तासन् तास चित्रीकरण करून दाखवलं की खाण्याची गाडी उभी राहिली की माणसं थांबतात, आणि माणसं थांबली की आणखी माणसं येतात. गर्दुल्ल्यांचा अड्डा म्हणून बदनाम झालेलं ब्रायंट पार्क १९९२ मध्ये पुन्हा खुलं झालं ते याच विचारावर: हलवता येणाऱ्या खुर्च्या, खाण्याचे छोटे स्टॉल, मोकळ्या वाटा. म्हणजे विक्रेता बागेवर जगतो हे अर्धंच खरं आहे. बागही विक्रेत्यावर जगते. पुण्यात सारसबागेशेजारची चौपाटी किंवा मुंबईत शिवाजी पार्कभोवतीची खाण्याची दुकानं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता दिल्ली. सुरुवात लोदी गार्डनपासून करायला हवी, कारण बागेमुळे भरभराट झाली असं म्हणताना सगळे खान मार्केटकडे बोट दाखवतात. ही बाग ९ एप्रिल १९३६ ला व्हाइसरॉयच्या पत्नीच्या नावानं, लेडी विलिंग्डन पार्क म्हणून उघडली. त्याआधी तिथे सय्यद आणि लोदी सुलतानांच्या कबरींभोवती खैरपूर नावाचं गाव वसलेलं होतं. ते हलवलं गेलं. दिल्लीच्या या सर्वांत देखण्या बागेचा पहिला आर्थिक परिणाम म्हणजे काही कुटुंबांचं घर आणि कसायची जमीन गेली, हे नोंदवल्याशिवाय पुढे जाणं मला बरं वाटत नाही. १९६८ मध्ये जोसेफ स्टाइन आणि गॅरेट एक्बो यांनी बागेला आजचं रूप दिलं.

खान मार्केट १९५१ चं. वायव्य सरहद्द प्रांतातून फाळणीत आलेल्या निर्वासितांसाठी सरकारनं १५४ दुकानं आणि वर ७४ सदनिका बांधल्या आणि बाजाराला डॉ. खान साहेब यांचं नाव दिलं. पेशावरहून आलेलं फकीरचंद यांचं पुस्तकांचं दुकान तिथे १९५१ पासून आहे, बाहरीसन्स १९५३ पासून. किराणा, औषधं, पुस्तकं, शिंपी असा तो साधा वस्तीचा बाजार होता. आज जगातल्या महागड्या बाजारपेठांच्या याद्यांत भारतातून पहिलं नाव त्याचंच येतं. हे लोदी गार्डनमुळे झालं का? थोडंफार. सकाळी फेरफटका मारून नाश्त्याला तिकडे वळणारी मंडळी खरीच आहेत. पण खरी कारणं दुसरी आहेत: आजूबाजूला मंत्री, सनदी अधिकारी आणि वकिलातींची वस्ती, त्या साऱ्या परिसरात नवीन बाजार उभारायला बंदी, आणि २००० नंतर आलेला पैसा. बागेच्या खात्यावर हे सगळं जमा करणं चुकीचं ठरेल. या विषयावरच्या लेखनात सर्वांत जास्त होणारी गफलत हीच आहे. श्रीमंत वस्तीत बाग चांगली राखली जाते, मग बागेमुळे वस्ती श्रीमंत झाली असा निष्कर्ष काढला जातो.

जवळच लोदी कॉलनीतलं मेहरचंद मार्केट पाहा. तेही निर्वासितांचंच, शिंपीकामासाठी ओळखलं जाणारं. गेल्या दशकभरात तिथे कपड्यांची उंची दालनं आणि कॅफे आले. गाळ्याचा मालक असलेला शिंपी गाळा भाड्यानं देऊन सुखी झाला असेल. भाडेकरू असलेल्याला दुसरीकडे जावं लागलं. मालक कोण, हा प्रश्न विचारल्याशिवाय ‘स्थानिक छोट्या व्यवसायांना फायदा’ या शब्दांना अर्थ नाही.

हौज खासमध्ये हाच प्रश्न अधिक टोकाला गेला. अलाउद्दीन खिलजीनं खोदलेला तलाव, त्याच्या काठावर फिरोजशाह तुघलकाचा मदरसा आणि कबर, शेजारी डीअर पार्क, आणि मधोमध लाल डोऱ्यातलं जुनं जाट गाव. लाल डोरा म्हणजे गावठाणाची हद्द. तिच्या आत शहराचे बांधकामाचे नेहमीचे नियम लागू नव्हते. १९८० च्या दशकात तिथे फॅशन आणि हस्तकलेची दुकानं आली. तलाव मात्र तेव्हा कोरडा पडलेला होता. २००० नंतर वसंत कुंजच्या सांडपाणी प्रकल्पातलं प्रक्रिया केलेलं पाणी आणून तो पुन्हा भरला, आणि काही वर्षांतच पाण्याकडे तोंड असलेली प्रत्येक गच्ची उपाहारगृह झाली. तलाव भरण्याचा खर्च सार्वजनिक होता. ज्या गच्चीवरून तो दिसत होता तिचं भाडं खाजगी.

आधी आलेले हस्तकलेचे दुकानदार वाढत्या भाड्यापुढे टिकले नाहीत. एकाच अरुंद रस्त्यानं आत-बाहेर करायचं, सांडपाण्याची सोय नाही, आग लागली तर बंब आत जाणं अवघड. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादासमोर प्रकरण गेलं आणि प्रदूषण नियंत्रण समितीची संमती नसलेली तीसहून अधिक उपाहारगृहं बंद करावी लागली. नंतर काही पुन्हा उघडली, पण या गावाच्या भरभराटीला तेव्हापासून कायमचा घोर लागला. भाडं घेऊन गावकरी सुखावले हे खरं आहे. पण बागेचं सौंदर्य एका अरुंद जागेत एकाच धंद्यासाठी पिळून काढलं की ती भरभराट नाजूक होते. बारा प्रकारची दुकानं असलेला बाजार एका आदेशानं बंद पडत नाही. एकाच प्रकारची तीस उपाहारगृहं एका आदेशानं बंद पडली.

दक्षिणेकडे सैदुल अजायब गावाजवळ दिल्ली पर्यटन महामंडळाचं गार्डन ऑफ फाइव्ह सेन्सेस आहे. वीस एकरांचं, फेब्रुवारी २००३ मध्ये खुलं झालेलं, तिकीट लावलेलं. त्याच गावातल्या गोदामांच्या बोळांत पुढे चंपा गल्ली उभी राहिली: कॉफीची दुकानं, कुंभारकामाचे वर्ग, छोटे स्टुडिओ. इथेही बाग एकटी कारण नव्हती. साकेतपर्यंत मेट्रो आली आणि गोदामांचं भाडं कमी होतं, हे तितकंच महत्त्वाचं. तरी हौज खासपेक्षा हा बदल मला समतोल वाटतो, कारण धंदे वेगवेगळ्या प्रकारचे आहेत.

पण हे सगळं खाणंपिणं आणि फॅशन झालं. बागेच्या अर्थकारणात सर्वांत मोठा माणूस सर्वांत छोट्या भांडवलाचा असतो. दिल्ली महानगरपालिकेच्या बागा पंधरा हजारांच्या घरात आहेत. शिवाय दिल्ली विकास प्राधिकरणाची मोठी उद्यानं वेगळी, नवी दिल्ली नगरपालिका परिषदेची वेगळी. यातल्या बहुतेक बागा म्हणजे दोन रांगांमधलं एक हिरवं चौकोनी अंगण. अशा बागेच्या फाटकावर दिवसभरात काय होतं ते नीट पाहिलं पाहिजे.

पहाटे साडेपाचला एक घडीचं टेबल लागतं. त्यावर झाकणाच्या स्टीलच्या बरण्या, प्रत्येकीवर हातानं लिहिलेली चिठ्ठी: लौकी, करेला, आँवला, गिलोय, जवारा, एलोवेरा. रस घरीच पहाटे काढून आणलेला असतो. शेजारी कागदी द्रोणात मोड आलेले मूग, वर लिंबू आणि काळं मीठ. पलीकडे एक जण रक्तदाब आणि साखर तपासायचं यंत्र घेऊन बसतो. दक्षिणेतून ट्रकनं आलेली शहाळी एका हातगाडीवर. बागेत पाच फेऱ्या मारून बाहेर आलेला निवृत्त कारकून तिथे थांबतो, गप्पा मारतो, क्यूआर कोडवर पैसे देतो. मग मदर डेअरीच्या बूथवरून दूध आणि सफलच्या दुकानातून भाजी घेऊन घरी जातो. साडेआठला टेबल मिटतं. अकरा-साडेअकराला त्याच जागेवर छोले-कुलच्याची गाडी येते. आता गिऱ्हाईक वेगळं: घरकाम करणाऱ्या बाया, सिक्युरिटी गार्ड, डिलिव्हरीची मुलं, बागेच्या सावलीत जेवायला बसलेले रंगारी. चारनंतर गोलगप्पे आणि मोमोज. बागेत मुलं आणि त्यांच्या आया. फुगे, साबणाचे बुडबुडे, विजेवर चालणाऱ्या मोटारी भाड्यानं देणारा एक जण. त्याच दहा फूट पदपथावर दिवसाला तीन संसार चालतात. दिल्लीचे पथारीवाले या जागेला ‘ठिया’ म्हणतात. ठिया कुणाचा, किती वाजता, हे आपसात ठरलेलं असतं आणि सहसा पाळलंही जातं.

अर्थशास्त्रज्ञ इथे एक योग्य शंका घेतात. ही विक्री नवी आहे की पलीकडच्या दुकानातून इकडे सरकलेली? गोलगप्पे बागेपाशी खाल्ले नसते तर बाजारात खाल्ले असते. ती विक्री बरीचशी सरकलेली असू शकते. पण पहाटेच्या रसाचं तसं नाही. त्या वेळी दुसरं दुकान उघडं नसतं, आणि बाग नसती तर तो माणूस घराबाहेरच पडला नसता. मदर डेअरीच्या बूथवर तो चालत गेला, कारण तो आधीच चालत होता. बागेमुळे नव्यानं तयार झालेला धंदा शोधायचा तर पहाटे शोधावा, असं माझं मत आहे. आणि याच वेळेला मोजणी करणारं कुणी हजर नसतं. देशातल्या असंघटित उद्योगांची वार्षिक पाहणी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय करतं. २०२३-२४ च्या पाहणीत अशा उद्योगांची संख्या ७ कोटी ३४ लाख होती. पण एखादा ठेला बागेपासून किती पावलांवर उभा असतो, हा प्रश्न त्या पाहणीचा नाही. बिनतिकीट बागेत किती माणसं आली याची नोंद दिल्लीत ठेवली जात नाही. जमिनीच्या नोंदणीकृत किमती सरकारी दराभोवती घुटमळतात. म्हणून मालमत्तेच्या किमतींवर बेतलेलं परदेशी गणित इथे जसंच्या तसं बसत नाही.

कॉलनीच्या बागेचं फाटक हा मात्र सरळ मोजता येणारा विषय आहे. सुरक्षेच्या काळजीनं रहिवासी संघटना एक फाटक उघडं ठेवतात आणि बाकीच्यांना कुलूप लावतात. दुपारी बारा ते चार सगळीच बंद. वृद्ध आणि मुलांच्या काळजीपोटी हे होतं, आणि ती काळजी खोटी नाही. पण बाजाराच्या बाजूचं फाटक बंद झालं की त्या बाजूच्या परचूनवाल्याचं, इस्त्रीवाल्याचं, सायकलवाल्याचं येतं-जातं गिऱ्हाईक थांबतं. दुपारी बाग बंद म्हणजे छोले-कुलचेवाल्याच्या गिऱ्हाइकाला बसायला सावली नाही. गाझियाबादला इंदिरापुरमचं स्वर्णजयंती पार्क किंवा गुरुग्रामला सेक्टर २९ जवळचं लेझर व्हॅली पार्क अशा मोठ्या बागांत हे कमी जाणवतं, कारण माणसं गाडीनं येतात. पण गाडीनं येणारा माणूस वाटेतल्या छोट्या दुकानात थांबत नाही. तो थेट पार्किंग असलेल्या मोठ्या उपाहारगृहात जातो. बागेपर्यंत चालत येता येणं ही छोट्या धंद्याची पहिली गरज आहे.

ऋतूंचा विषय दिल्लीकरांना सांगायला नको, पण महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. इथे बागेचा धंदा वर्षभर एकसारखा नसतो. डिसेंबर-जानेवारीत दुपारच्या कोवळ्या उन्हात अख्खी कुटुंबं चटया टाकून बसतात. शेंगदाणे, गजक, भाजलेली शकरकंद, पेरू यांची ती सुगी. फेब्रुवारी-मार्च हा फुलांचा आणि सर्वांत मोठ्या गर्दीचा काळ. मे-जूनमध्ये दुपार मेलेली असते आणि सगळा धंदा रात्री नऊनंतर आइस्क्रीम आणि बर्फाच्या चुसकीवर. मग ऑक्टोबर-नोव्हेंबर. खरं तर हवा सुखद होण्याचे हे दिवस, पण आता धुराचे झाले आहेत. १८ नोव्हेंबर २०२४ ला दिल्लीचा हवा निर्देशांक ४९० च्या वर गेला. डॉक्टर सांगतात, पहाटे फिरायला जाऊ नका. फिरणारा गेला नाही की रसाच्या बरण्या भरलेल्याच घरी परत येतात, आणि तो रस दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. विक्रेता मात्र त्याच हवेत सलग उभा असतो. प्रदूषणाच्या नुकसानीचे हिशेब मांडले जातात तेव्हा हा तोटा त्यात यायला हवा. २०२० च्या टाळेबंदीत बागा बंद झाल्या तेव्हा हेच आणखी मोठ्या प्रमाणावर घडलं. त्या जूनमध्ये केंद्र सरकारनं पीएम स्वनिधी योजनेतून पथविक्रेत्यांना सुरुवातीला दहा हजारांचं खेळतं भांडवल द्यायला सुरुवात केली. दहा हजारांत एक ठेला पुन्हा उभा राहतो, हीच या व्यवसायाच्या आकाराची खरी ओळख.

इंडिया गेटबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण दिल्लीत बाग आणि विक्रेता यांचं सर्वांत मोठं नातं तिथे होतं. अख्ख्या उत्तर भारतातली कुटुंबं उन्हाळ्याच्या रात्री त्या हिरवळीवर येत. भेळपुरी, भुट्टा, चुसकी, चना जोर, चमकणारी खेळणी, झटपट फोटो. शेकडो विक्रेत्यांची ती वर्षानुवर्षांची जागा. ८ सप्टेंबर २०२२ ला राजपथाचं कर्तव्य पथ झालं, परिसर नव्यानं बांधला गेला, आणि हिरवळीवर विक्रीला बंदी आली. विक्रीसाठी पाच ठरावीक विभाग, प्रत्येकी चाळीस विक्रेते. शिवाय इंडिया गेटजवळ दुकानांचे दोन गट, त्यात वेगवेगळ्या राज्यांचे खाद्यपदार्थ ठेवण्याची कल्पना. परिसर स्वच्छ, सुबक, चालायला सुखाचा झाला. स्वच्छतागृहं आली, पाणी आलं, दिवे आले, आणि बायका रात्री अधिक निर्धास्त बसू लागल्या. हे मोठं काम आहे आणि ते मान्य करायलाच हवं.

पण आइस्क्रीमच्या ढकलगाडीचं काय होतं ते पाहू. ही गाडी विक्रेत्याची नसते. ती कंपनीच्या डेपोतून मिळते, माल कमिशनवर. तिच्या आत थंडावा धरून ठेवणारे पत्रे असतात. रात्रभर डेपोत विजेवर ते गोठवायचे, आणि मग दुसऱ्या दिवशी काही तास माल टिकतो. म्हणजे विक्रेत्याकडे वेळ मोजका. त्या वेळात गाडी गिऱ्हाइकापर्यंत ढकलत नेणं हाच त्याचा धंदा. त्याला एका ठरलेल्या विभागात उभं केलं की तो फिरता विक्रेता राहत नाही, एक छोटं दुकान होतो. चाळीस छोटी दुकानं एका रांगेत, आणि मूल हिरवळीच्या दुसऱ्या टोकाला. चाळिसातलं स्थान मिळालं त्याचं बरं चालत असेल. न मिळालेल्यानं काय करायचं, याचं उत्तर त्या आराखड्यात नव्हतं.

यावर कायदा काय म्हणतो? सोदान सिंग विरुद्ध नवी दिल्ली नगरपालिका या १९८९ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पदपथावर व्यवसाय करणं हा रास्त नियमनाच्या अधीन असलेला मूलभूत हक्क मानला. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं पुढे जाऊन नगर पथविक्रय समित्या आणल्या. त्यांत चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांचे, आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. दर पाच वर्षांनी पाहणी करायची, आणि ती होईपर्यंत कुणालाही उठवायचं नाही. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं. २०११ च्या जनगणनेतली दिल्लीची १ कोटी ६८ लाख लोकसंख्या धरली तरी हा आकडा चार लाखांच्या वर जातो. या कायद्यात ‘नैसर्गिक बाजार’ अशी एक संकल्पना आहे: जिथे खरेदीदार आणि विक्रेते परंपरेनं जमत आले आहेत ती जागा. बागेचं फाटक याहून नैसर्गिक बाजार कुठला? तरीही कारवाईची गाडी बागेच्या कोपऱ्यावरच प्रथम येते, कारण तिथलं ‘अतिक्रमण’ सर्वांत डोळ्यांत भरतं.

निविदांचा मार्गही वेगळ्या रीतीनं छोट्या विक्रेत्याला बाहेरच ठेवतो. २०२१ च्या बृहत् आराखड्यात डिस्ट्रिक्ट पार्कमध्ये उपाहारगृहाला परवानगी आहे, क्षेत्र आणि उंचीच्या मर्यादांसह. हेतू चांगला. पण जागा एकगठ्ठा दिली जाते. मोठी अनामत, मागच्या वर्षांच्या उलाढालीची आणि अनुभवाची अट. बागेच्या बाहेर बारा वर्षं चहा विकणारा तिथे अर्जच भरू शकत नाही. तीच जागा चार फूट बाय सहा फुटांच्या वीस टपऱ्यांत विभागली आणि त्यातल्या काही स्त्रियांच्या बचतगटांना राखल्या, तर महापालिकेचं उत्पन्न फार घटणार नाही, आणि वीस घरं त्यावर चालतील. पथविक्रय समितीनं निवड केली तर वशिल्याचा आरोपही कमी होईल.

हे स्वप्नरंजन नाही. निजामुद्दीनमध्ये याचं एक रूप दिसतं. हुमायूनच्या कबरीशेजारची सुंदर नर्सरी ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नव्या दिल्लीसाठी झाडं तयार करायची सरकारी रोपवाटिका. २००७ मध्ये आगाखान सांस्कृतिक न्यासानं सरकारी संस्थांशी करार केला, मोहम्मद शहीर यांनी आरेखन केलं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये नव्वद एकरांची ही बाग लोकांसाठी खुली झाली. तिला तिकीट आहे. आत कॅफे आहेत, रविवारी शेतमालाचा बाजार भरतो. त्याच प्रकल्पानं शेजारच्या निजामुद्दीन बस्तीतही काम केलं. तिथल्या स्त्रियांच्या ‘जायका-ए-निजामुद्दीन’ या गटानं २०१२ पासून घरगुती खाणं विकायला सुरुवात केली, ‘इंशा-ए-नूर’ नावाच्या गटानं कागदकाम आणि भरतकाम. पर्यटकांच्या वर्दळीचा वाटा वस्तीच्या हातात जावा, ही योजना कामाच्या सुरुवातीपासून होती. वर्दळ आल्यावर मागाहून सुचलेली नव्हती. म्हणून मला हे उदाहरण मोलाचं वाटतं. उणीवही आहे: भिंत आणि तिकिटामुळे बस्तीतलं मूल त्या हिरवळीवर रोज सहज जाऊ शकत नाही, आणि फाटकाबाहेरचा ठेलेवाला या योजनेत कुठेच नाही.

प्रत्येक हिरव्या जागेनं धंदा आणावा, असंही नाही. गुरुग्रामचं अरवली जैवविविधता उद्यान हे खाणींनी पोखरलेल्या सुमारे ३८० एकरांवर नागरिकांनी २०१० पासून स्थानिक झाडं लावून उभं केलं. २०२२ मध्ये त्याला संरक्षित क्षेत्राबाहेरची संवर्धनाची जागा म्हणून मान्यता मिळाली, देशातली अशी पहिली. तिथे भेळेची गाडी नको. त्याचा फायदा जमिनीत मुरणाऱ्या पाण्यात आणि अडवलेल्या धुळीत आहे, आणि तो संपूर्ण शहराला मिळतो. अशा जागेला उत्पन्न दाखवायला लावणं चूक आहे.

बाकी बागांसाठी मागणं फार मोठं नाही. बाजाराच्या बाजूचं फाटक उघडा. फाटकाबाहेर एक नळ, एक स्वच्छतागृह, एक कचरापेटी आणि दोन दिवे लावा. विक्रेत्या स्त्रीला दिवसभर उभं राहायला यातलं स्वच्छतागृहच सर्वांत जास्त लागतं. एकाच ठियावर पहाट, दुपार, संध्याकाळ असे तीन परवाने देता येतील अशी वेळेची नोंद परवान्यात घ्या. बाग नव्यानं बांधायला काढण्याआधी तिथल्या विक्रेत्यांची यादी करा आणि काम संपल्यावर त्याच यादीतल्यांना परत बोलवा. भाडेकरू दुकानदारांचं भाडं बागेच्या सुधारणेनंतर किती वाढलं, याची दर वर्षी नोंद ठेवा.

दिल्लीचा २०४१ चा बृहत् आराखडा जून २०२१ मध्ये हरकतींसाठी खुला झाला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये विकास प्राधिकरणानं तो संमत केला. हिरव्या आणि निळ्या जागांची, म्हणजे झाडी आणि पाण्याची, सांगड घालण्यावर त्यात भर आहे. त्या सांगडीत फाटकाबाहेरच्या माणसाचं नाव यावं. आणि जे वाचक एखाद्या रहिवासी संघटनेत आहेत, मग ती रोहिणीतली असो, कोथरूडमधली किंवा ठाण्यातली, त्यांनी पुढच्या बैठकीत बागेच्या बंद फाटकाची किल्ली मागावी.